प्रेत एकाचंच नव्हतं: ‘संस्कार’ वाचताना झालेली चूक

‘भारतीय कादंबरीतील जात’ असा विषय घेतला की आपण पटकन दोन खाने पाडतो: परंपरा आणि आधुनिकता. मीही पाडले होते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कन्नड कादंबरीने ते मोडले. कसे, ते बघा.

दुर्वासपूर हा माध्व ब्राह्मणांचा अग्रहार. तिथला नारणप्पा तापाने मरतो. दारू, मांस, खालच्या मानलेल्या जातीतल्या चंद्रीशी घरोबा, शाळिग्राम नदीत फेकणं, सगळं करून झालेलं. पण त्याला जातीबाहेर काढलेलं नव्हतं. मग दहन ब्राह्मणानेच करायचं, पण कुणी? प्रेत उचलेपर्यंत कुणाला जेवताही येत नाही. प्राणेशाचार्य पोथ्या चाळतात, मारुतीचा कौल मागतात. उत्तर मिळत नाही.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी इथेच थांबले होते. आचार्यांचा पेच म्हणजेच परंपरेचा पेच, असं लिहून मोकळी झाले. मग पुन्हा वाचताना एक साधा प्रश्न पडला: शेवटी त्या प्रेताचं झालं काय?

तर चंद्री अहमद बारी या मुसलमान माणसाकरवी रात्रीत गुपचूप दहन उरकते. कर्तव्य पार पडलं, पण शास्त्राच्या वाटेने नाही, आणि ‘आधुनिक’ विचारानेही नाही. एका बाईला मेलेल्या माणसाची कणव होती, एवढंच.

आणखी एक गोष्ट मी वाचूनही पाहिली नव्हती. त्याच साथीत दलित वस्तीतही माणसं मरतात. त्यांची प्रेतं झोपडीसकट जाळली जातात. त्यांच्यासाठी कुणी पोथी उघडत नाही, कुणी उपाशी राहत नाही.

ही विसंगती कादंबरी दाखवते. पण त्या झोपडीत शिरत नाही. आत काय असतं, ते बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मध्ये वाचा. तिथे रेल्वेत नोकरी लागलेल्या नायकाला डोक्यावर छप्पर हवं म्हणून जात लपवावी लागते. धर्म काय सांगतो हा त्याचा प्रश्नच नाही. आज रात्री झोपायचं कुठे, हा आहे.

म्हणून सांगते, जातीवरची कादंबरी हातात घेतली की नायकाचा पेच जरूर मांडा. पण शेजारी दुसरी यादीही करा: कोणाच्या मरणावर इथे चर्चाच होत नाही? माझं प्रकरण मला त्या यादीपासून पुन्हा लिहावं लागलं.