चालीखालचं नाव

मैत्रिणींनो, 'साधी माणसं' या १९६५ च्या सिनेमातलं लोहाराच्या ऐरणीचं गाणं आपल्या ओठांवर आहे. गायलं लता मंगेशकरांनी. पण चाल कुणाची? पडद्यावर नाव होतं 'आनंदघन'. तेही लतादीदींचंच! राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा ते उघड झालं.

तिकडे अमेरिकेत एमी बीच पियानो वाजवायच्या, संगीत रचायच्या. १८९६ मध्ये बोस्टनच्या मोठ्या वाद्यवृंदानं त्यांची रचना वाजवली. छापलं मात्र नवऱ्याचं नाव : मिसेस एच. एच. ए. बीच.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी सातशे वर्षांपूर्वी अभंगातच 'जनी' हे नाव गुंफलं, म्हणून ते टिकलं. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांची नावं मात्र राहून गेली.

ओवी वहीत उतरवाल, तेव्हा खाली आजीचं नावही लिहा.