पंचावन्न मिलिसेकंदांचं कुळ

पडद्यावर चेंडू उडवणारा टर्बो सीचा प्रोग्राम मुंबई परिसरातल्या कॉलेजांनी वर्षानुवर्षं पोरांकडून लिहून घेतला. पालघर-बोईसरची पोरंही त्यातलीच. चेंडू नजरेला दिसेल इतपत थांबवायची सोपी युक्ती म्हणजे रिकामा लूप: काही न करता नुसतं तीस हजारपर्यंत मोजायचं. सीनियरची तीच फाइल नव्या मशीनवर चालवली की चेंडू दिसायच्या आत गायब. प्रोसेसरला सेकंद ठाऊक नसतो, तो फक्त आपली पावलं मोजतो. पाऊल किती झपाझप पडतंय, हे बाहेरच्या घड्याळाला विचारावं लागतं.

आयबीएमच्या १९८१च्या पीसीत या घड्याळाचा आकडा आला अमेरिकन टीव्हीतून. तिथल्या रंगीत प्रक्षेपणाची वारंवारता ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ. पीसीचं चित्र टीव्हीवरही दाखवता यावं म्हणून तिच्या चौपटीचा क्रिस्टल बसवला. त्याला तिनाने भागून प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर, बाराने भागून टायमर १.१९वर. टायमर ६५,५३६ मोजून एक ठोका देई, म्हणजे सेकंदाला १८.२ ठोके, दोन ठोक्यांमधलं अंतर सुमारे ५५ मिलिसेकंद. आपला टीव्ही तेव्हा पाल पद्धतीचा होता. पीसीचा ठोका मात्र अमेरिकेचाच राहिला.

टर्बो पास्कलने या ठोक्याचा नामी उपयोग केला. प्रोग्राम सुरू होताच एका ठोक्यात लूप किती वेळा फिरतो ते मोजायचं, ५५ने भागायचं, की एका मिलिसेकंदाचे फेरे हाती. फक्त उत्तर सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३५पर्यंत मावायला हवं. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पेंटियम आले आणि ते मावेना. 'रनटाइम एरर २००', शून्याने भागाकार! शून्य कुठेच नव्हतं. उत्तर मावलं नाही तरी इंटेलची चिप तीच तक्रार करते. वेग मोजता मोजताच प्रोग्राम कोसळावा, याची मला अजून गंमत वाटते.

१९९३च्या पेंटियमने प्रोसेसरचं प्रत्येक आवर्तन मोजणारा काउंटर दिला. पुढे बॅटरी वाचवायला प्रोसेसर आपला वेग खालीवर करू लागले आणि काउंटरही बेभरवशाचा झाला. मग स्थिर गतीचा काउंटर आणावा लागला.

८०५१ मायक्रोकंट्रोलरवर अशा थांब्याचा हिशेब डिप्लोमाची पोरं अजून वहीतच करतात. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, बारा आवर्तनांचं एक मशीन सायकल, म्हणजे बरोबर एक मायक्रोसेकंद. त्याच जातीच्या काही नव्या चिपा मशीन सायकल एकाच आवर्तनात उरकतात. जुना प्रोग्राम तसाच चढवला, तर एका सेकंदाचा थांबा कितीतरी पटींनी आखडतो.