तळटीप : कोलने फळ्यावर मांडलेली संख्या

* मूळ मजकुरात ‘ती एकवीस अंकी संख्या’ एवढाच उल्लेख आहे. ती म्हणजे २^६७ − १, अर्थात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. बुद्धिबळाच्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे असती, तर दर घराला दुप्पट होत जाणाऱ्या दाण्यांची बेरीज नेमकी हीच आली असती. ‘लीलावती’तली संख्यानामे परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी, संपतात, इथे असे १४७५ परार्ध आधीच ओलांडले आहेत.

मेर्सेनने १६४४ मध्ये ही मूळ संख्या असल्याचे सांगितले. ल्यूकाने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचे दाखवले. गंमत अशी, की एकही अवयव न शोधता! अवयव मिळाले ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांना : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. अशा अवयवाला १३४ ने भागल्यावर बाकी १ च उरते, त्यामुळे चाळणी बरीच अरुंद होते. तरी पहिला अवयवच एकोणीस कोटींपलीकडचा. कोल यांनी सभेत अवाक्षर न काढता फळ्यावर गुणाकार केला आणि शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, ही हकिकत ई. टी. बेल यांची. बेल यांची लेखणी रंगतदार, म्हणून ती जपून वाचावी. गुणाकार मात्र वाचकाने स्वतः करून पाहावा. — संपा.