पाथेय : दूरदेशीच्या पायी धर्मयात्रेचा खर्च कोणी सोसला?

बौद्ध यात्रिकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा श्रद्धेचा आणि साहसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वाळवंटे, हिमशिखरे, वादळी समुद्र आणि या सर्वांवर मात करणारी धम्मनिष्ठा असे त्याचे स्वरूप असते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. जो माणूस दररोज चालतो तो दररोज जेवतोही. त्याचे चीवर झिजते, त्याला आजार होतो, परवान्यासाठी त्याला महिनोन् महिने एका जागी थांबावे लागते. या साऱ्याचा खर्च कोणी केला आणि कोणत्या नियमाने केला, हा प्रश्न यात्रिकाच्या थोरवीला उणेपणा आणणारा नाही. उलट तो विचारल्याखेरीज यात्रा शक्य करणारा समाज आपल्याला दिसत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न मुख्यतः जपानी भिक्खू एन्निन याच्या चीनमधील पदयात्रेच्या आधारे तपासणार आहोत.

प्रथम विनयाकडे वळणे आवश्यक आहे. भिक्खूने सोने-रूपे स्वीकारू नये हा नियम निस्सग्गिय पाचित्तियांत आहे आणि तो सर्वपरिचित आहे. मग लांबच्या वाटेवर भिक्खूने काय करावे? याचे उत्तर महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात, मेण्डक गृहपतीच्या प्रसंगात मिळते. तथागत भद्दियहून अंगुत्तरापाकडे निघाले असता मेण्डकाने त्यांच्यापुढे एक व्यवहारी अडचण ठेवली : काही वाटा अशा आहेत की तेथे पाणी थोडे, अन्न थोडे, शिदोरीवाचून तेथून जाणे सोपे नाही. तेव्हा तथागतांनी पाथेय्य, म्हणजे वाटेची शिदोरी, शोधण्याची अनुज्ञा दिली. तांदूळ, मूग, उडीद, मीठ, गूळ, तेल आणि तूप, ज्याला ज्याची गरज त्याने ते घ्यावे. पुढे असेही सांगितले की, श्रद्धावान लोक कप्पियकारकाच्या हाती सोने ठेवून भिक्खूला विहित वस्तू देण्यास सांगतील, तर त्या सोन्यातून येणारी विहित वस्तू भिक्खूने स्वीकारावी. मात्र सोने-रूपे स्वतः घेऊ नये वा त्याचा शोध करू नये.

आमच्या मते धर्मयात्रेच्या अंदाजपत्रकाची तीन तत्त्वे या प्रसंगात स्पष्ट आहेत. यात्रेला खर्च लागतो हे निःसंकोच मान्य करणे, हे पहिले. खर्चाचे माप गरज हेच असावे, हे दुसरे. पैसा यात्रिकाच्या हाती न राहता विश्वासू तिसऱ्या व्यक्तीच्या हाती राहावा, हे तिसरे. हे तत्त्व पाळणे किती कठीण होते हे वैशालीच्या दुसऱ्या संगीतीवरून दिसते. तेथे वादग्रस्त ठरलेल्या दहा वस्तूंत शिंगात मीठ साठवून नेणे आणि सोने-रूपे स्वीकारणे या दोहोंचाही समावेश होता. मीठ आणि नाणे या प्रवाशाच्याच दोन चिंता होत.

आता भारताकडे पायी आलेल्या चिनी यात्रिकांचे दोन दाखले पाहू. फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला. तुनह्वांगच्या अधिकाऱ्याने वाळवंट ओलांडण्याची सामग्री पुरविली म्हणून तो पुढे जाऊ शकला. परंतु अग्नी (कराशहर) देशात परदेशी पाहुण्यांचे आतिथ्य झाले नाही, तेव्हा त्याच्या तीन सोबत्यांना प्रवासखर्च मिळविण्यासाठी काओचांगकडे परत फिरावे लागले. फाहियानाने आपल्या वृत्तांतात हे साधेपणाने नमूद केले आहे. श्रद्धा सर्वांची सारखीच होती, वाटखर्च मात्र सर्वांना पुरला नाही.

याच काओचांगमध्ये सुमारे सव्वादोनशे वर्षांनी ह्युएनत्संगाला अगदी उलट अनुभव आला. तेथील राजा चू वेन्ताई याने त्याला शंभर लियांग सोने, तीस हजार चांदीची नाणी, पाचशे ठाण रेशीम, तीस घोडे आणि पंचवीस सेवक दिले. जाऊन येऊन वीस वर्षांचा खर्च भागावा असा हा हिशेब असल्याचे त्याच्या चरित्रात म्हटले आहे. वाटेतील राज्यांसाठी चोवीस पत्रे आणि त्यांसोबत भेटवस्तूही होत्या. असे पाथेय केवळ एका राजाच्या कृपेवर अवलंबून असते. हे काओचांग राज्य इ. स. ६४० मध्ये तांग सैन्याने नष्ट केले. ह्युएनत्संग परतला तेव्हा तो दाता उरला नव्हता. राजाश्रयाची ही मर्यादा ध्यानात ठेवून आपण एन्निनकडे येऊ.

एन्निन (इ. स. ७९४–८६४) हा हिएइ पर्वतावरील तेंदाई संप्रदायाचा भिक्खू. इ. स. ८३८ मध्ये जपानी राजदूतमंडळाबरोबर समुद्र ओलांडून तो चीनला गेला आणि ८४७ मध्ये परतला. या नऊ वर्षांची त्याची दैनंदिनी चार भागांत उपलब्ध असून एडविन रायशॉवर यांनी १९५५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. तिच्यात धर्मचर्चा आहे, त्याचबरोबर धान्याचे भाव आहेत, कापडाच्या किमती आहेत, कोणी काय दिले आणि कोणी काय नाकारले याच्या नोंदी आहेत. खर्चाच्या इतिहासाला याहून प्रामाणिक साधन मिळणे कठीण.

यांगचौ येथे पोहोचल्यावर त्याने आपल्याजवळील सोन्याची भुकटी बाजारात पाठविली. तेथे वजन होऊन तिचे ९ कुआन ४०० आले. कुआन म्हणजे दोरीत ओवलेली एक हजार तांब्याची नाणी. अर्थात ही रक्कम ९,४०० नाणी झाली. पुढे त्याने दोन कुआन देऊन पांढऱ्या रेशमाची दोन ठाणे घेतली आणि त्यांची चीवरे शिववून घेतली. म्हणजे एवढ्या एका गरजेपोटी मिळालेल्या रकमेचा पाचवा हिस्सा संपला. पाली विनयाच्या कसोटीवर हा सुवर्णव्यवहार कसा ठरेल हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच पाहावयाचे की, घरून आणलेल्या सोन्यावर नऊ वर्षे काढणे शक्यच नव्हते.

ती त्याने कशी काढली? तिएनताई पर्वतावर जाण्याची परवानगी त्याला नाकारण्यात आली. दूतमंडळ परतू लागले तेव्हा इ. स. ८३९ मध्ये तो शानतुंगच्या किनाऱ्यावर मागे राहिला आणि चीशान येथील विहारात सुमारे आठ महिने थांबला. हा विहार कोरियातील सिल्ला राज्याचा दर्यावर्दी जांग बोगो याने स्थापिला होता. त्याच्या शेतीतून वर्षाला पाचशे शी तांदूळ येत असे, अशी एन्निनची नोंद आहे. जपानी भिक्खू, चिनी भूमी आणि कोरियन दात्याचे धान्य! हे आठ महिने त्याला स्वतःच्या थैलीतून काढावे लागले असते, तर पुढची यात्रा झालीच नसती.

इ. स. ८४० च्या वसंतात दोन शिष्य आणि एक सेवक यांच्यासह तो वूताई पर्वताकडे पायी निघाला. तेंगचौ येथे बाजरीसारख्या भरड धान्याचा भाव एका तौ मापाला तीस नाणी आणि तांदळाचा सत्तर नाणी होता. लाइचौला हेच भाव पन्नास आणि नव्वद झाले. चार माणसांचे पोट चालविणाऱ्याला या फरकाचा अर्थ सांगावा लागत नाही. तीन-चार वर्षे टोळधाडीने पिके खाल्ल्यामुळे त्या प्रदेशात लोक ओक वृक्षाची फळे खाऊन जगत होते, हेही त्याने लिहिले आहे. अशा स्थितीत कोणी यजमान आदराने जेवू घाली, तर कोणाकडे भाजीची एक थाळी पुन्हा पुन्हा मागावी लागे. एके ठिकाणी शेरभर चहा देऊन त्याने खारवलेली भाजी घेतली, आणि तीही खाण्यालायक निघाली नाही. चिंगचौच्या एका अधिकाऱ्याने कापडाची तीन ठाणे आणि सहा शेर चहा दान दिला. त्या काळी वाटेवर कापड आणि चहा ही नाण्यांच्या तोडीची चलनेच होती, हे लक्षात घेतले म्हणजे या दानाचे मोल कळते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. दुष्काळी गावातून जाणाऱ्या यात्रिकाला मिळालेला घास हा कोणाच्या तरी रिकाम्या कणगीतला घास होता. एन्निन कंजूष यजमानाची नोंद करतो, परंतु टोळधाडीचीही करतो. इतिहासकाराने या दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत, म्हणजे दात्यावर अन्याय होणार नाही.

वूताईच्या डोंगराळ वाटेवर मात्र एक वेगळी व्यवस्था त्याला आढळली. तेथे ठिकठिकाणी ‘सर्वांसाठी खुल्या’ अशा अर्थाच्या नावाचे आश्रम होते. भिक्खू असो वा गृहस्थ, येईल त्याला निवारा मिळे. पेज-भात असेल तर दिला जाई, नसेल तर नाही. चीशानहून पर्वतापर्यंत २,३०० लींहून अधिक अंतर, म्हणजे आजच्या मापाने हजार किलोमीटरहून अधिक, त्याने विश्रांतीचे दिवस वगळून चव्वेचाळीस दिवसांत चालून काढले. पर्वतावर अन्नदानाच्या वेळी भिक्खू-गृहस्थ, स्त्री-पुरुष, लहान-मोठा, श्रीमंत-गरीब असा भेद न करता सर्वांना समान वाढण्याची रीत होती. या रीतीमागे मंजुश्रीने गर्भवती याचिकेचे रूप घेऊन गर्भातील जिवासाठीही वाटा मागितल्याची आख्यायिका सांगितली जाई. चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. पंक्तीतील समानता हा तेथे नियम होता, हे ऐतिहासिक सत्य पुरेसे मोलाचे आहे. पंगतीत कोणाला कुठे बसविले जाते यावरून समाजाची परीक्षा करण्यास आपण शिकलेलो आहोत.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. चांगआन येथे इ. स. ८४३ मध्ये एन्निनचा शिष्य इग्यो मरण पावला. दफनासाठी जागा विकत घेण्यास आपल्याजवळ पैसा नाही, असा अर्ज एन्निनला विहाराच्या अधिकाऱ्यांकडे करावा लागला. कोणत्याही अंदाजपत्रकात न मावणारा हा खर्च. पुढे ८४५ मध्ये सम्राट वूत्सुंगने बौद्ध संघावर आघात केला. राजाज्ञेत दिलेल्या आकड्यांनुसार ४,६०० हून अधिक विहार पाडले गेले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना गृहस्थ करण्यात आले आणि विहारांच्या दीड लक्ष दासांना करदाते म्हणून नोंदविण्यात आले. या शेवटच्या आकड्याकडे डोळेझाक करणे आपल्याला शोभणार नाही. दासांच्या श्रमावर आणि करमाफीच्या जमिनींवर उभी असलेली श्रीमंती धम्माचे रक्षण करू शकली नाही. उलट आघात करणाऱ्याच्या हाती तिने निमित्त दिले. एन्निनलाही चीवर उतरवून बाहेर पडावे लागले. तो चीशानला आला तेव्हा ज्या विहाराने त्याला आठ महिने पोसले होते तो उद्ध्वस्त झाला होता. त्याला विहाराच्या शेतवाडीतील एका घरात राहावे लागले. अखेर ८४७ मध्ये सिल्लाच्या व्यापाऱ्यांच्या जहाजातून तो मायदेशी परतला.

टिकाऊ पाथेयाचा एक जुना नमुना आपल्या भूमीतही कोरलेला आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात तीन हजार कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद आहे. त्यांपैकी दोन हजार विणकरांच्या श्रेणीत दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले होते. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहावा : वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. हे दान चारही दिशांच्या संघाला उद्देशून आहे. येणारा भिक्खू कोणत्या देशीचा याची अट त्यात नाही. मूळ रक्कम न मोडता व्याजावर चालणारी आणि दगडावर जाहीर केलेली ही व्यवस्था मेण्डकाच्या प्रसंगातील तत्त्वाचेच संस्थारूप होय, असे आम्हांस वाटते.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात पूज्य बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले होते. राजा नाही, सावकार नाही, दास तर नाहीतच. कष्टकऱ्यांच्या लहान लहान वाट्यांतून उभे राहणारे पाथेय त्यांना अभिप्रेत होते. आज आपले उपासक-उपासिका बोधगया, लुंबिनी, श्रीलंका, थायलंड आणि जपानपर्यंत जातात. काही पायीही चालतात. अशा यात्रेचे अंदाजपत्रक करताना केवळ अंतर मोजून भागत नाही. थांबावे लागणारे दिवस, आजार, वाटेत मृत्यू आला तर करावयाची व्यवस्था आणि परतीचा खर्च हे आधी धरले पाहिजेत. पैसा एकाच्या हाती न राहता हिशेब सर्वांसमोर असला पाहिजे. ज्या गावात आपण जेवणार त्या गावाची स्थितीही विचारात घेतली पाहिजे.

आणि जे जाऊ शकत नाहीत त्यांचेही यात्रेतील स्थान मोठे आहे. एन्निनची यात्रा जितकी त्याच्या पायांनी पूर्ण केली, तितकीच चीशानच्या शेतकऱ्यांनी आणि डोंगरवाटेवर पेज शिजवणाऱ्या अनाम हातांनी. आपल्या गावच्या विहारात दूरच्या यात्रिकासाठी एक खोली, एक वेळचे अन्न आणि त्याचा चोख हिशेब ठेवणारी वही असेल, तर तो विहार चारही दिशांच्या संघाचा विहार होईल.