शत्रूच्या कचेरीतला कारकून

पिअर्स ब्राउन यांची २०१४ सालची ‘रेड रायझिंग’ तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. मंगळाच्या पोटात राबणारा डॅरो शरीर बदलून घेतो, सत्ताधारी ‘गोल्ड’ बनतो आणि त्यांच्यातच जाऊन बसतो. झाली ही अवकाशातली गोष्ट. पण राजवटीच्या आत शिरलेला बंडखोर इतिहासात खरंच होऊन गेला. त्याचं नाव निकोलाय क्लेतोच्निकोव्ह.

काळ झार दुसऱ्या अलेक्झांडरचा. ‘तिसरा विभाग’ म्हणजे झारचे गुप्त पोलीस. त्यांचे खबरे विद्यार्थ्यांत, कामगारांत, कुठेही असायचे. १८७८ च्या अखेरीस तिशी ओलांडलेला, क्षयाने पोखरलेला क्लेतोच्निकोव्ह सेंट पीटर्सबर्गला आला आणि क्रांतिकारकांना म्हणाला, मला एखादं जोखमीचं काम द्या. संघटनेचा अलेक्झांडर मिखाइलोव्ह भलताच हुशार. त्याने या माणसाच्या हाती पिस्तूल दिलं नाही, त्याला नोकरी शोधायला लावलं!

तर झालं असं, की तिसऱ्या विभागाशी लागेबांधे असलेल्या एका बाईच्या घरी त्याने खोली घेतली. संध्याकाळी तिच्याशी पत्ते खेळायचा आणि मुकाट हरायचा. बाई खूश. तिच्याच शिफारशीने १८७९ च्या सुरुवातीला साहेब आत. अक्षर सुरेख, स्वभाव अबोल, त्यामुळे गुप्त कागदांच्या नकला करायचं काम त्याच्याकडे आलं.

दिवसभर लिहायचं, नावं पाठ करायची आणि बाहेर मिखाइलोव्हला सांगायची. कुठे झडती होणार, कोण फितूर आहे, सगळं. पुढे ‘नरोद्नाया वोल्या’ ही संघटना उभी राहिली, तिला या माहितीनेच बराच काळ तगवलं. १८८० मध्ये सरकारने त्याला चोख कामाबद्दल ‘सेंट स्टॅनिस्लॉस’चं पदकही दिलं, बरं का!

पण हे काम स्वच्छ नव्हतं. त्याने कळवलेला राइनश्टाइन नावाचा खबऱ्या मॉस्कोत क्रांतिकारकांच्या हातून मारला गेला. आणि ज्या यंत्रणेने त्याचे सोबती तुरुंगात जायचे, तिचे कागद हाच नीटनेटके लिहून देत होता. कादंबरीत नायकाला लढाया असतात. इथे टेबल, दौत आणि गप्प बसणं.

नोव्हेंबर १८८० मध्ये मिखाइलोव्ह पकडला गेला. फाशी गेलेल्या सोबत्यांचे फोटो आणायला तो स्टुडिओत गेला होता. दुवाच तुटला. जानेवारी १८८१ मध्ये क्लेतोच्निकोव्ह एका सोबत्याच्या घरी गेला. तो सोबती आधीच अटकेत होता आणि घरात पोलीस दबा धरून बसले होते. सगळ्यांना सावध करणाऱ्याला सावध करायला कुणीच उरलं नव्हतं.

मार्च १८८१ मध्ये संघटनेने झारला मारलं. पण राज्य कोसळलं नाही. नव्या झारने मूठ आणखी आवळली. क्लेतोच्निकोव्हची फाशी जन्मठेपेत बदलली. १८८३ च्या जुलैत पेट्रोपाव्हलोव्स्की किल्ल्याच्या तुरुंगात, कैद्यांच्या हालांविरुद्ध अन्नत्याग करून तो गेला.

आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते पुढेच आहे. त्याच १८८३ साली पोलीस अधिकारी सुदेइकिनने हीच युक्ती उलटी फिरवली. संघटनेच्या नेतृत्वातला देगायेव्ह फोडला आणि व्हेरा फिग्नरसकट कित्येकांना आत टाकलं. आत माणूस पेरायची विद्या कुणाच्या मालकीची नसते. जो आज शिकवतो, त्याचा शत्रू उद्या शिकतो.

हा देगायेव्ह पुढे अमेरिकेत नाव बदलून गणिताचा प्राध्यापक झाला. कसा, ते पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!