ब्युनोस आयर्सचा हर्लिंग क्लब : आयरिश स्थलांतरितांच्या क्रीडामंडळाचा इतिहास

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स हिच्या पश्चिमेस हर्लिंगहॅम नावाचे उपनगर आहे. आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबांनी वाढवलेला ‘हर्लिंग क्लब’ येथेच आहे. क्लबाच्या मैदानांवर आज रग्बी व हॉकी खेळली जाते. ज्या खेळाचे नाव क्लब धारण करतो, तो हर्लिंग मात्र तेथे प्रसंगानेच दिसतो. उपनगराच्या व खेळाच्या नावांतील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. उपनगराला ते नाव इंग्रजांनी १८८८ साली स्थापलेल्या हर्लिंगहॅम क्लबामुळे मिळाले, आणि त्या क्लबाने ते लंडनमधील एका क्लबावरून घेतले होते. आयरिशांच्या हर्लिंग क्लबाचा इतिहास निराळा आहे. तो आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

खेळाचा परिचय

हर्लिंग हा आयर्लंडचा अतिप्राचीन खेळ. टोकाशी रुंद व चपटी असलेली लाकडी काठी आणि चामड्याचा लहान चेंडू ही त्याची साधने. चेंडू जमिनीवरून तसाच हवेतूनही मारता येतो. गोलाच्या आडव्या दांड्याखालून चेंडू गेल्यास गोल होऊन तीन गुण आणि वरून गेल्यास एक गुण मिळतो. काठी ‘अ‍ॅश’ नावाच्या वृक्षाच्या, मुळाजवळ वळण घेणाऱ्या बुंध्यापासून करतात. त्यामुळे ती हलकी, लवचीक व चिवट होते. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील घटनांशी तिचा निकटचा संबंध आहे. हर्लिंग व गेलिक फुटबॉल या खेळांच्या संवर्धनासाठी १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स येथे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक हे तिचे आश्रयदाते होते.

स्थलांतराची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात वेस्टमीथ, लाँगफर्ड व वेक्सफर्ड या परगण्यांतून हजारो आयरिश अर्जेंटिनास गेले आणि पाम्पासच्या गवताळ प्रदेशात मेंढपाळीवर स्थिरावले. १८४४ मध्ये तेथे पोहोचलेले डॉमिनिकन धर्मगुरू फादर अँथनी फाही हे या समाजाचे आधारस्तंभ ठरले. त्यांनी नवागतांना कामधंदा मिळवून दिला, त्यांची बचत सांभाळली, विवाह जुळवले आणि १८५६ साली सिस्टर्स ऑफ मर्सी या धर्मभगिनींना आयर्लंडहून आणले. १८७१ च्या पीतज्वराच्या साथीच्या काळात त्यांचे निधन झाले. १८७५ साली फादर पॅट्रिक डिलन यांनी ‘द सदर्न क्रॉस’ हे आयरिश कॅथलिकांचे वृत्तपत्र सुरू केले.

१८८९ साली ‘सिटी ऑफ ड्रेस्डेन’ या जहाजाने सुमारे १,८०० स्थलांतरित ब्युनोस आयर्सला आले. निवारा व अन्न यांवाचून त्यांचे अतोनात हाल झाले. तेव्हा आर्चबिशप क्रोक यांनीच आपल्या गरीब देशबांधवांना अर्जेंटिनास न जाण्याचा कळकळीचा इशारा दिला. त्यानंतर स्थलांतराचा ओघ आटला. अर्थात, पुढील काळात हर्लिंग टिकवण्याचा भार मुख्यत्वे अर्जेंटिनात जन्मलेल्या पिढीवरच पडणार होता.

स्थापना आणि भरभराट

मर्सेडीस परिसरात १८८० च्या दशकाच्या अखेरीस हर्लिंग खेळले गेल्याचे उल्लेख आढळतात; पण त्याला संघटित रूप दिले ते विल्यम बुलफिन यांनी. १८६३ मध्ये आयर्लंडमधील डेरिनलॉ येथे जन्मलेले बुलफिन १८८४ साली अर्जेंटिनास आले, काही वर्षे पाम्पासवर राबले आणि पुढे ‘द सदर्न क्रॉस’चे संपादक झाले. त्यांनी खेळाचे नियम व मैदानाची आकृती आपल्या वृत्तपत्रात छापली. जुलै १९०० मध्ये अर्जेंटाइन हर्लिंग क्लब स्थापन झाला. शहरातील वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत संघ उभे राहिले. ‘ला नासियोन’सारखी स्पॅनिश दैनिकेही सामन्यांची दखल घेऊ लागली.

बुलफिन १९१० साली मायदेशी निवर्तले. ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र एमन यांनी १९१६ च्या ईस्टर उठावात डब्लिनच्या टपाल कार्यालयावर प्रजासत्ताकाचा ध्वज उभारला. त्यांना देहदंड फर्मावण्यात आला, परंतु अर्जेंटिनातील जन्मामुळे ते बचावले. पुढे त्यांना त्याच देशात हद्दपार करण्यात आले.

काठीवाचून खेळ

पहिल्या महायुद्धाने खेळावर मोठाच आघात केला. आयर्लंडहून काठ्या येणे जवळजवळ बंद झाले. स्थानिक लाकडाच्या काठ्या करून पाहण्यात आल्या. परंतु त्या जड निघाल्या, त्यांत लवचीकता नव्हती. युद्धोत्तर काळात खेळ पुन्हा सुरू झाला व १९२२ मध्ये आजच्या हर्लिंग क्लबाची स्थापना झाली. तथापि पूर्वीचा बहर परतला नाही. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच अडचण उद्भवली. नवे स्थलांतरितही येईनासे झाले. सभासदांनी काठी ठेवली व हॉकी आणि रग्बी जवळ केली. घराघरांत इंग्रजीची जागा स्पॅनिशने घेतली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘द सदर्न क्रॉस’ही स्पॅनिशमधून निघू लागले.

मूळ खेळाची आठवण मात्र पुसली गेली नाही. १९८० साली एर लिंगस या आयरिश विमान कंपनीच्या हर्लिंग संघाने अर्जेंटिनाचा तीन आठवड्यांचा दौरा केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडचे नामांकित खेळाडूही ब्युनोस आयर्समध्ये खेळून गेले. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

भाषा बदलली, खेळही बदलला. तरी क्लबाने आपले नाव बदलले नाही. पूर्वजांची काठी हाती न धरलेली मुलेही तेथे त्या काठीच्या नावाने एकत्र येतात. स्थलांतरित समाज वारसा कसा जपतो, याचा विचार करताना हे उदाहरण आम्हांला मननीय वाटते.