उंबरठा लंडनचा

कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेचे दार १८५५ मध्ये स्पर्धा परीक्षेने हिंदी डॉक्टरांना उघडले. उंबरठा मात्र लंडनमध्ये होता. पहिल्याच परीक्षेत बंगालचे सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती निवडले गेले, पण ते लंडनमध्येच शिकलेले! जहाजाचे भाडे ज्याला परवडेल, त्याच्यापुरतीच ही समानता होती, असे मला वाटते.

परीक्षा उतरली म्हणून लगेच पलटण मिळत नसे. १८६३ पासून उमेदवाराला साउदॅम्प्टनजवळ नेटली येथील लष्करी वैद्यकीय शाळेत चार महिने काढावे लागत. पदवीधर डॉक्टर तिथे पुन्हा विद्यार्थी होई. एडमंड पार्क्स यांचा आरोग्यशास्त्राचा वर्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पिण्याचे पाणी, बराकीतली हवा, शिपायाचा शिधा, मैल्याची विल्हेवाट असे त्याचे विषय. क्रिमियात गोळीपेक्षा रोगानेच अधिक सैनिक मेले होते. शाळा जन्मली तीच त्या धड्यातून.

मुंबईचे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर पुढे याच सेवेत लेफ्टनंट कर्नल झाले. सेवेतलेच मेजर बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ १९१८ मध्ये अलाहाबादेहून निघाला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते.